उपग्रहाच्या नजरेतला समुद्र: पाणी किती, हवा किती?

कोकणच्या बंदरांवर मासेमारीच्या हंगामात एक तक्ता फिरत असतो. बंदराचं नाव, दिशा, कोन, किनाऱ्यापासून किती ते किती किलोमीटर, तिथली खोली किती ते किती मीटर आणि शेवटी अक्षांश-रेखांश. 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' हे त्याचं सरकारी नाव. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तो तयार करते आणि मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत पाठवते. तक्त्यामागे मुख्यतः दोन गोष्टी असतात: समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य. दोन्ही उपग्रहांवरून मोजलेल्या.

तापमानाचं समजू शकतं. पण हरितद्रव्य? डोळ्यांना न दिसणाऱ्या, पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पतींमधला तो हिरवा रंग. खुल्या समुद्रात बऱ्याच ठिकाणी एक घनमीटर पाण्यात तो एक मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. २६ नोव्हेंबर २०२२ ला इस्रोने ईओएस-०६, म्हणजे ओशनसॅट मालिकेतला तिसरा उपग्रह सोडला. तेव्हा बातम्यांत 'समुद्राचा रंग मोजणारा कॅमेरा' एवढंच आलं. सातशेहून जास्त किलोमीटर उंचीवरून इतका फिका रंग मोजतात कसा, हे कुठे फारसं आलं नाही. आणि त्या 'कसा'मध्येच सगळी अडचण आहे. कारण समुद्राकडे बघणाऱ्या त्या कॅमेऱ्यात जो प्रकाश शिरतो, त्यातला जेमतेम दहावा हिस्सा पाण्यातून आलेला असतो. बाकीचा हवेतून.

नव्वद भाग गाडी, दहा भाग ऊस

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊस कसा मोजतात ते बघा. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन लिहिलं जातं. ऊस गव्हाणीत पडला की तीच ट्रॉली रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उसाचं वजन मिळालं.

आता असं धरा की ट्रॉली कधीच रिकामी करता येत नाही. तिचं वजन अंदाजानेच लावायचं. शिवाय काट्यावरच्या शंभर क्विंटलांपैकी नव्वद क्विंटल गाडीच आहे, ऊस फक्त दहा. गाडीच्या अंदाजात एक टक्का चूक झाली तर ती चूक जवळपास एक क्विंटलची, आणि ती सगळीच्या सगळी उसाच्या दहा क्विंटलांवर बसते. म्हणजे उसात नऊ टक्के फरक.

उपग्रहाचं नेमकं हेच होतं. हवा बाजूला काढून समुद्र बघण्याची सोय त्याला नाही. निळ्या प्रकाशात पाण्याचा आकडा पाच टक्क्यांच्या आत बरोबर हवा, असं समुद्राचा रंग अभ्यासणाऱ्यांनी स्वतःसाठी ठरवून घेतलेलं आहे. त्यासाठी एकूण प्रकाशाचा हिशोब अर्ध्या टक्क्याच्या आत जुळावा लागतो. कॅमेरा कितीही चांगला असो, हवेचा अंदाज चुकला तर पाण्याचा आकडा हाती लागत नाही.

हवेचा वाटा नेमका कोणाचा?

दोघांचा. पहिला वाटा हवेच्या रेणूंचा. ऑक्सिजन, नायट्रोजनचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात, त्यातही निळा जास्त. आकाश निळं दिसतं ते त्यामुळे. वजाबाकीतली सगळ्यात मोठी रक्कम हीच, पण ती त्रास देत नाही. वायुदाब आणि सूर्याचा कोन माहीत असला की तिचा हिशोब चोख मांडता येतो.

दुसरा वाटा हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्मकणांचा. यांना एरोसॉल म्हणतात: धूळ, धूर, मीठ, गंधकाचे क्षार, जे काही घन किंवा द्रव कणरूपात हवेत टिकून राहतं ते सगळं. हा वाटा रेणूंपेक्षा लहान असतो, पण तो दर दिवशी, दर ठिकाणी वेगळा. सगळी डोकेदुखी त्याचीच.

तो किती आहे हे सांगायला 'प्रकाशीय जाडी' हा आकडा वापरतात. डोक्यावरच्या सूर्याचा थेट प्रकाश खाली येताना कणांमुळे किती अडतो, याचं ते माप. खुल्या महासागरावर, जमिनीपासून दूर, हिरव्या प्रकाशात हा आकडा साधारण ०.०६ ते ०.१ असतो. ०.१ म्हणजे जवळपास दहा टक्के प्रकाश वाटेत विखुरला किंवा गिळला गेला. मुंबईपासून पश्चिमेकडे गेलं तर हिवाळ्यात तो सहज ०.३ च्या वर जातो.

मीठ हवेत चढतं कसं?

समुद्रावरच्या कणांमध्ये वजनाने सगळ्यात जास्त असतं ते मीठ. पण पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ तर खालीच राहतं. मिठागरांचा धंदाच त्यावर चालतो. मग मीठ वर जातं कोणत्या वाटेने?

बुडबुड्यांच्या. लाट फुटते तेव्हा ती हवा आत ओढून घेते. ती हवा बुडबुडे होऊन वर येते आणि पृष्ठभागाशी थांबते. बुडबुड्याचा माथा म्हणजे पाण्याचा पातळ पापुद्रा. तो ताणत ताणत फाटतो आणि त्याचे अतिसूक्ष्म शिंतोडे उडतात. मोठा बुडबुडा असेल तर एका फुटण्यात शेकडो. पापुद्रा गेल्यावर खाली खड्डा उरतो. तो भरून यायला पाणी चारी बाजूंनी आत धावतं, मध्यावर आपटतं आणि तिथून पाण्याची बारीक धार सरळ वर उसळते. या धारेचे तुकडे होऊन काही मोजके थेंब सुटतात, बुडबुड्याच्या साधारण एक दशांश आकाराचे. एक मिलिमीटरच्या बुडबुड्यातून मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा थेंब. वारा ताशी पस्तीसेक किलोमीटरच्या वर गेला की तिसरा प्रकार सुरू होतो: वारा लाटेचा शेंडाच फाडून नेतो. हे थेंब सगळ्यात मोठे, आणि सगळ्यात लवकर खाली पडणारे.

मोठे थेंब सेकंदांत परत समुद्रात जातात. बारीक थेंब हवेत राहतात, थोडे सुकतात, आणि खाऱ्या कणांच्या रूपाने काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत फिरत राहतात. त्यांतले बरेचसे खालच्या एखाद्या किलोमीटरच्या थरातच असतात. किनाऱ्याजवळच्या घरांत खिडकीचे गज आणि पंख्याची पाती गंजतात ती याच कणांनी.

मग वाऱ्याचा वेग मोजला की काम झालं, नाही का?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि संशोधकांनीही तिथूनच सुरुवात केली. एडवर्ड मोनाहन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० मध्ये समुद्राच्या फेसाचं वाऱ्याशी असलेलं नातं मांडलं: फेसाने झाकलेला भाग वाऱ्याच्या वेगाच्या ३.४१ व्या घातानुसार वाढतो. वारा दुप्पट झाला की फेस दहापटीहून जास्त. ईओएस-०६ वर समुद्रावरचा वारा मोजणारं स्कॅटरोमीटर नावाचं रडारही आहे, त्यामुळे वाऱ्याचा आकडा मिळायला अडचण नाही.

तरीही एवढ्यावर भागत नाही. फेस किती हे वाऱ्यावर ठरतं, पण त्या फेसातून कण किती आणि कोणत्या आकाराचे सुटतील, हे पाण्याचं तापमान, लाटा नुकत्या उठलेल्या की जुन्या, पृष्ठभागावरचा सेंद्रिय तवंग अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. जगभरच्या समुद्रांतून वर्षाला किती मीठ उडतं, याचे वेगवेगळ्या गणितांनी काढलेले आकडे एकमेकांपासून कितीतरी पटींनी वेगळे आहेत. शिवाय आत्ता इथे हवेत असलेलं मीठ आत्ताच्या वाऱ्याचं नसतं. ते काल, कदाचित दोनशे किलोमीटर दूर उडालेलं असतं आणि वाटेत एखाद्या सरीने त्यातलं अर्धंअधिक धुऊनही नेलेलं असू शकतं. म्हणून वारा दुप्पट झाल्यावर फेस दहापट दिसला, तरी हवेतलं मीठ दहापट होत नाही.

दमटपणा: एकच कण, दोन रूपं

पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ पाणी सोडतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की कोरडा मिठाचा कण पाणी ओढून विरघळतो आणि थेंब बनतो. ऐंशी टक्क्यांना त्याची त्रिज्या कोरड्या असतानाच्या साधारण दुप्पट होते. त्रिज्या दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. मीठ तेवढंच, बाकी सगळं पाणी.

प्रकाशाच्या दृष्टीने हा दुसराच कण झाला. तो मोठा, गोल, आणि प्रकाशाला मिठासारखा नव्हे तर जवळपास पाण्यासारखा वाकवणारा. कोकणात आर्द्रता सत्तर ते नव्वद टक्क्यांत वर्षातले कितीतरी महिने घोटाळत असते, म्हणजे नेमकी अशा जागी, जिथे थोड्या फरकाने कण बराच बदलतो. आणखी एक मेख आहे. ओला झालेला कण आर्द्रता पंचाहत्तरच्या खाली आली म्हणून लगेच सुकत नाही. पंचेचाळीसच्या आसपास येईपर्यंत तो थेंबच राहतो. म्हणून आजची आर्द्रता कळली तरी कण ओला की कोरडा, हे त्याच्या कालच्या प्रवासावर ठरतं.

'मॉडेल' म्हणतात ते नेमकं काय?

इथे मॉडेल म्हणजे कणांच्या मिश्रणाचा एक ठरवलेला नमुना. त्यात चार गोष्टी सांगितलेल्या असतात: बारीक आणि भरड कण कोणत्या प्रमाणात, प्रत्येकाचा आकार साधारण कुठून कुठपर्यंत, ते प्रकाश किती वाकवतात आणि किती गिळतात, आणि दमट हवेत किती फुगतात. बारीक म्हणजे एका मायक्रॉनहून लहान, बहुतेक धुराचे आणि गंधकाच्या क्षारांचे. भरड म्हणजे त्याहून मोठे, मीठ आणि धूळ. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एवढं ठरलं की पुढचं गणित आहे. गोल कणावर प्रकाश पडला तर तो कोणत्या दिशेला किती जाईल, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ मध्येच मांडून ठेवलं. त्या सूत्रांतून एका कणाचं वागणं, मग मिश्रणाचं, मग त्या मिश्रणाने भरलेल्या सगळ्या वातावरणाचं. सूर्य या कोनात, उपग्रह त्या कोनात, वारा इतका, अशा हजारो शक्यतांची उत्तरं आधीच काढून त्यांचा एक रेडी रेकनर बनवतात. उपग्रहाचं चित्र आलं की प्रत्येक ठिपक्यासाठी त्यात बघून उत्तर उचलायचं. दर ठिपक्यासाठी सगळं गणित नव्याने करायला वेळ कुणाला परवडणार?

या नमुन्यांचा इतिहास सांगण्यासारखा आहे. एरिक शेटल आणि रॉबर्ट फेन यांनी १९७९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेसाठी काही नमुने तयार केले: ग्रामीण, शहरी, सागरी वगैरे. त्यातल्या सागरी नमुन्यात संख्येने ९९ टक्के बारीक कण आणि १ टक्का समुद्री मीठ. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण मिठाचे कण इतके मोठे असतात की समुद्रावरचा बराचसा विखुरलेला प्रकाश त्या एका टक्क्याचाच. हॉवर्ड गॉर्डन आणि मेंगुआ वांग यांनी १९९४ मध्ये सीविफ्स या उपग्रह-कॅमेऱ्यासाठी हवेची वजाबाकी कशी करायची ते बसवलं, तेव्हा याच घराण्यातले डझनभर नमुने घेतले आणि किनाऱ्यासाठी मिठाचा वाटा अर्धा टक्का केलेला एक प्रकार त्यात जोडला. २०१० मध्ये नासाच्या गटाने प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेले नवे ८० नमुने आणले: आठ आर्द्रता, आणि प्रत्येकीसाठी बारीक-भरड यांची दहा प्रमाणं. त्या मोजमापांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराचा वाटा महत्त्वाचा होता. चेसापीक हे नाव ध्यानात असू द्या, पुढे त्याची गरज आहे.

उपग्रह नमुना निवडतो कसा?

इथे एक सुंदर युक्ती आहे. तांबड्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात स्वच्छ समुद्र जवळजवळ काळा असतो. त्या रंगाचा प्रकाश पाणी गिळून टाकतं. म्हणून ७६५ आणि ८६५ नॅनोमीटर या दोन पट्ट्यांत उपग्रहाला जे दिसतं, त्यातून रेणूंचा हिशोब वजा केला की उरतो तो सगळा कणांचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

दोन पट्टे का? बारीक कण कमी लांबीच्या लहरी फार जास्त विखुरतात. भरड कण सगळ्यांना जवळपास सारखंच वागवतात. म्हणून दोन पट्ट्यांतल्या आकड्यांचं गुणोत्तर बघितलं की कणांचा आकार कळतो. गुणोत्तर कळलं की ते ज्या नमुन्याशी जुळतं तो उचलायचा, आणि त्या नमुन्याने निळ्या-हिरव्या पट्ट्यांत कणांचा वाटा किती असेल ते सांगायचं. तेवढं वजा करायचं. उरलं ते पाणी. मग निळा आणि हिरवा यांची तुलना: हरितद्रव्य निळा प्रकाश गिळतं, म्हणून पाण्यातून येणारा निळा जितका कमी, तितकं हरितद्रव्य जास्त.

दूर पॅसिफिकमध्ये, स्वच्छ हवेत, ही पद्धत उत्तम चालते. पण तिच्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, अवरक्तात पाणी काळंच असतं. दोन, कण प्रकाश विखुरतात, फारसा गिळत नाहीत. आपल्या समुद्रावर वर्षातले कित्येक महिने दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात.

अरबी समुद्र इथे अडतो

हिवाळ्यात आपल्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. सोबत चुलींचा, वाहनांचा, कारखान्यांचा, शेतात जाळलेल्या काडाचा धूर नेतो. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इंडोएक्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झन हे तिचे प्रमुख. विमानं, मालदीवमधल्या काशिधू बेटावरची वेधशाळा आणि आपलं 'सागरकन्या' हे संशोधन जहाज, सगळे एकाच वेळी हिंदी महासागराची हवा मोजत होते. त्यांना एक कोटी चौरस किलोमीटरवर पसरलेला तपकिरी थर सापडला. समुद्राच्या मधोमध असूनही कणांमुळे अडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के वाटा माणसाने सोडलेल्या कणांचा निघाला. मीठ होतंच, पण ते अल्पमतात.

त्या थरात काजळी होती आणि काजळी प्रकाश गिळते. वर सांगितलेल्या युक्तीला नेमकं हेच दिसत नाही. अवरक्तातल्या दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरावरून आकार कळतो. कण पांढरा की काळा, ते कळत नाही. मग पद्धत 'बारीक, पण प्रकाश न गिळणारे कण' असा नमुना उचलते. त्यानुसार निळ्यात हवेचा वाटा भरपूर असायला हवा, म्हणून ती भरपूर वजा करते. प्रत्यक्षात काजळीने निळा आधीच गिळलेला असतो. गाडीचं वजन जास्त धरलं गेलं, ऊस कमी भरला. पाण्यातला निळा कमी आला म्हणजे नकाशावर हरितद्रव्य जास्त. समुद्र होता तसाच आहे, आणि नकाशा सांगतो की तो हिरवागार आहे. कधीकधी तर पाण्यातला निळा प्रकाश शून्याच्याही खाली निघतो. असं होऊच शकत नाही, म्हणून तेवढी चूक निदान पकडता तरी येते. थोडी कमी चूक असेल तर ती तशीच नकाशात जाते.

धुळीचं आणखी अवघड. २३ जानेवारी २०२२ च्या रविवारी मुंबई-पुण्याकडे हवा धुरकट झाली, गाड्यांवर पांढरट धूळ बसली. कराचीच्या बाजूला उठलेलं वादळ समुद्रावरून इथवर आलं होतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला अरबस्तानातून येणारी धूळ तर दरवर्षीची. धुळीचे कण भरड असतात, म्हणून गुणोत्तर बघणारी पद्धत त्यांना मीठ समजते. पण धूळ निळा गिळते, मीठ गिळत नाही. धुळीचा कण गोलही नसतो, म्हणून गोल कणांसाठी केलेलं गणितही त्याला नीट बसत नाही. आणि गिळणारे कण किती उंचीवर आहेत यावरही हिशोब बदलतो. ते वरच्या थरात असतील तर खालच्या रेणूंनी विखुरलेला निळा प्रकाशही ते वाटेत अडवतात. मीठ खाली आणि धूळ-धूर त्याच्या डोक्यावर दोन-तीन किलोमीटरपर्यंत, अशी थरांची रचना आपल्याकडे नेहमीची आहे.

मग पाण्याच्या काळेपणाचं काय? खंभातच्या आखातातलं गाळाने ढवळलेलं पाणी घ्या, किंवा मुंबईजवळच्या खाड्यांचं. गाळ अवरक्त प्रकाशही परतवतो. पद्धत तो कणांचा समजते आणि हवा उगाचच जास्त वजा करते. यावर उपाय सापडला आहे: आणखी लांब लहरींचे, १२४० आणि २१३० नॅनोमीटरचे पट्टे वापरायचे. तिथे गढूळ पाणीसुद्धा काळंच दिसतं. नासाच्या मोडिस या उपग्रह-कॅमेऱ्यावर असे पट्टे आहेत. पाण्याची अडचण अशी बऱ्यापैकी सुटली. काजळी-धुळीची सुटलेली नाही.

म्हणून चेसापीकची आठवण करून दिली. तिथल्या हवेवर बेतलेले नमुने चुकीचे नाहीत. ते तिथले आहेत. मीठ, काजळी आणि वाळवंटी धूळ एकाच हवेत, वेगवेगळ्या थरांत, ऋतूप्रमाणे आलटून पालटून, असं मिश्रण असलेल्या समुद्राला त्याचा स्वतःचा नमुना लागतो. आणि तो इथेच मोजून बनवावा लागतो.

अंदाज कशाला? सरळ मोजाच ना!

मोजतात. सूर्याकडे रोखून धरायचं हातात मावणारं एक यंत्र असतं, सन फोटोमीटर. सूर्याचा प्रकाश वेगवेगळ्या रंगांत किती कमी होऊन पोहोचला, यावरून ते कणांचा हिशोब देतं. जमिनीवर कायम बसवलेल्या, आपोआप चालणाऱ्या सन फोटोमीटरचं नासाचं जगभर जाळं आहे. समुद्रासाठी हातातली यंत्रं संशोधन जहाजांवर दिली जातात आणि कोणत्याही देशाचं जहाज त्यात सामील होऊ शकतं. भारतात इस्रोच्या पुढाकाराने २००६ च्या मार्च ते मे दरम्यान आयकार्ब ही मोहीम झाली. त्यात जमीन, जहाज आणि विमान तिन्हींकडून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांवरची हवा मोजली गेली.

पण जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असतं. समुद्र पृथ्वीचा ७१ टक्के भाग व्यापतो. जहाजावर मोजलेले आकडे रोजच्या नकाशाला पुरणारे नाहीत. ते नमुना खरा आहे की नाही हे तपासायला लागतात. दोघांची गरज आहे, आणि एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

लेझर लावून बघता येत नाही?

तेही झालं. २००६ पासून २०२३ पर्यंत कॅलिप्सो हा उपग्रह स्वतःचा लेझर खाली सोडून कणांचे थर मोजत होता. थर किती उंचीवर आहे हे त्याने फार छान दाखवलं. पण परत आलेल्या लेझरवरून 'कण किती' हे काढायला एक गुणक लागतो, आणि तो कणाच्या जातीवर ठरतो. कॅलिप्सोच्या हिशोबात स्वच्छ सागरी कणांसाठी तो २३ होता, धुळीसाठी ४४. तोच परतलेला उजेड, पण मीठ समजलात तर एक आकडा, धूळ समजलात तर जवळपास दुप्पट. नमुना इथेही मध्ये आलाच.

आता एआय आहे की

आहे, आणि उपयोगीही आहे. रेडी रेकनरमध्ये शोधत बसण्याऐवजी एआयचं शिकवलेलं संगणकी जाळं क्षणात उत्तर देतं. पण ते शिकतं कशावरून? एक तर याच नमुन्यांतून काढलेल्या गणितावरून, नाहीतर उपग्रह वरून जात असताना खाली जहाजाने किंवा तरंगत्या यंत्राने घेतलेल्या मोजमापांवरून. हवाईजवळ लनाई बेटापाशी मोबी नावाचं असं तरंगतं यंत्र १९९७ पासून समुद्राचा रंग मोजत आहे आणि जगातल्या कित्येक उपग्रहांचे काटे त्यावरून जुळवले जातात. आपल्याकडे इस्रोने लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला असं ठिकाण उभारलं. धुळीच्या दिवसांतली, काजळीच्या दिवसांतली अरबी समुद्रावरची मोजमापं हाताशी नसतील, तर एआयलाही ती हवा ओळखता येणार नाही. मला वाटतं, नव्या उपग्रहाच्या उड्डाणाला जेवढं कौतुक मिळतं, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं लक्ष जहाजावर आठवडेच्या आठवडे यंत्र धरून उभ्या राहणाऱ्या माणसांकडे जात नाही. आणि आकडा खरा होतो तो त्यांच्यामुळे.

आशेची जागा दुसरीकडे आहे. ८ फेब्रुवारी २०२४ ला नासाने पेस हा उपग्रह सोडला. त्यावर समुद्राचा रंग बघणाऱ्या मुख्य उपकरणासोबत दोन ध्रुवणमापक आहेत, एक अमेरिकी, एक डच. ते एकच जागा वेगवेगळ्या कोनांतून बघतात आणि प्रकाशाच्या लहरी कोणत्या दिशेने डोलतात तेही मोजतात. पाण्याच्या थेंबासारखा गोल कण आणि वेडावाकडा धुळीचा कण यांची ही खूण वेगवेगळी असते. कण प्रकाश किती गिळतो, याचाही अंदाज त्यातून बांधता येतो. मुख्य उपकरण जांभळ्याच्याही अलीकडे, अतिनील पट्ट्यांपर्यंत बघतं. गिळणारे कण तिथे स्पष्ट दिसतात. म्हणजे जी गोष्ट आजवर गृहीत धरावी लागत होती, ती मोजण्याच्या जवळ आपण आलो आहोत.

मच्छीमाराला यातून काय फरक पडतो?

जितका वाटेल तितका नाही, आणि हे सांगायलाच हवं. मासेमारीचा सल्ला देताना हरितद्रव्याच्या नेमक्या आकड्यापेक्षा ते कुठे एकदम बदलतं, तो पट्टा बघतात. थंड-गरम किंवा हिरवं-निळं पाणी जिथे भिडतं, तिथे खाद्य गोळा होतं आणि त्यामागे बांगडा, तारलीसारखी मासळी. हवेतल्या कणांमुळे सगळ्या नकाशात हरितद्रव्य सारखंच वाढलं, तर हे पट्टे जागचे हलत नाहीत. तापमानाचा नकाशा जोडीला असतो, तोही आधार.

धोका आहे तो धुळीच्या किंवा धुराच्या कडेचा. धूळ समुद्रावर सपाट पसरत नाही, जिभांसारखी आत शिरते. तिची धारदार कड हरितद्रव्याच्या नकाशात पाण्यातल्या पट्ट्यासारखीच दिसू शकते. आणि ज्यांना आकडाच हवा असतो, म्हणजे अरबी समुद्राची उत्पादकता वर्षानुवर्षं वाढते आहे की घटते आहे हे बघणारे, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न मुळावरच येतो. वीस वर्षांत हवेतली काजळी वाढली आणि नकाशातलं हरितद्रव्यही वाढलेलं दिसलं, तर त्यातलं पाण्यात किती आणि हवेत किती?

हे नकाशे आता कुणालाही मोफत बघता येतात. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर हरितद्रव्याच्या नकाशावर त्याच दिवसाचा कणांचा, म्हणजे प्रकाशीय जाडीचा थर चढवता येतो. हिवाळ्यातल्या धुरकट दिवशी मुंबईसमोरचा हिरवा डाग आणि कणांचा डाग एकमेकांवर बसत असतील, तर त्या हिरव्यावर भरवसा ठेवू नये. किनाऱ्यालगतचा गढूळ पट्टाही सोडून द्यावा. ओशनसॅटचा कॅमेरा साधारण दर दोन दिवसांनी त्याच जागेवरून जातो. पुढच्या फेरीत हवा स्वच्छ असताना डाग तिथेच असेल, तर तो पाण्यातला.